उद्यम नोंदणी आणि कोविडनंतरचं सरकारी कर्ज: गोव्यातल्या साखळीतून साडेचार वर्षं वापरून लिहितेय

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आपण मिक्सरचा रिव्ह्यू लिहितो, हॉटेलातल्या फिश थाळीचा लिहितो, मग मंदीतून बाहेर काढायला म्हणून सरकारने आमच्यासारख्या छोट्या धंद्यांना जे जे दिलं त्याचा का लिहू नये, तेही आपण वापरतोच आणि पैसा तर आपलाच असतो. तर हा रिव्ह्यू मुख्यतः उद्यम नोंदणीचा (एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, पण ती एकटी येत नाही, तिच्या आजूबाजूला कर्ज, जीएसटी, पेमेंटचा कायदा असं सगळं आहे म्हणून तेही लिहितेय. नोंदणीला माझ्याकडून पाचपैकी पाच, २०२० च्या तातडीच्या कर्जाला तीन, वेळेवर पैसे द्यायच्या कायद्याला साडेचार. समाधान पोर्टलवर (थकलेल्या पैशांच्या तक्रारींची सरकारी साइट) तक्रार करायची वेळ आली नाही म्हणून त्याला काही देत नाही.

आधी आमचं सांगते म्हणजे कळेल कुठून बोलतेय. साखळीला घराच्या मागच्या पडवीत आमचं काम चालतं, सुरुवातीला तीन बायका आणि मी. खाजं, नेवऱ्या, तिळाचे लाडू, शेव, चिवडा. चवथीला (गणेशचतुर्थीला) आणि जत्रांच्या दिवसांत गावातच सगळं खपतं, बाकी वर्षभर पणजी आणि कळंगुटच्या बाजूच्या हॉटेलांना पाकिटं जातात. नवरा आधी खाणीवर ट्रक चालवायचा, स्वतःचा ट्रक होता. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीझांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खनिज काढायचं बंद. डिचोली, सत्तरी, धारबांदोड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, दारादारात ट्रक उभे होते आणि त्यांच्यावर शेवाळ चढत होतं. आम्ही आमचा मिळेल त्या भावाला विकला, मुद्राचं किशोर गटातलं कर्ज काढलं (म्हणजे ५० हजार ते ५ लाखांमधलं) आणि माझा जो घरगुती धंदा होता तो वाढवला. म्हणून लोक जेव्हा म्हणतात मंदी २०२० ला आली तेव्हा मला वाटतं आमच्याकडे ती दोन वर्षं आधीच आली होती, कोविड तिच्यावर येऊन बसला.

आणि मधल्या काळात एक गोष्ट आपल्या पणजीतच झाली ती किती जणांच्या लक्षात आहे माहीत नाही. २० सप्टेंबर २०१९, जीएसटी कौन्सिलची ३७वी बैठक गोव्यात होती आणि त्याच दिवशी सकाळी निर्मला सीतारामन यांनी पणजीतूनच कंपन्यांचा आयकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं, नव्या उत्पादन कंपन्यांना तर १५ टक्के. सरकारचा स्वतःचाच हिशेब होता की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडतोय. तेव्हा देशाची वाढ मंदावलीच होती, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं हे मान्य. पण माझ्यासारखी प्रोप्रायटर ही कंपनी नसतेच ना, तिला व्यक्तीचाच स्लॅब लागतो, म्हणजे आमच्या घरापासून एक कदंबा बस पकडली की जिथे पोचतो तिथे एवढी मोठी सूट जाहीर झाली आणि साखळीत त्यातलं काही आलं नाही. हॉटेलच्या खोल्यांचे जीएसटी दर त्याच दिवशी कमी करायचे ठरले (७,५०० च्या वर २८ चे १८, त्याखाली १८ चे १२), तो निर्णय मात्र मला चांगला वाटला होता कारण खोली भरली तर आमचं पाकीट जातं. मला सगळा अर्थसंकल्प शेवटी असाच समजतो, खोली भरली का, पाकीट गेलं का, पैसे आले का.

मग मार्च २०२०. शिरगावची लईराईची जत्रा नाही, लग्नं नाहीत, हॉटेलं बंद. एप्रिल ते जून २०२० च्या तिमाहीत देशाचा जीडीपी आदल्या वर्षापेक्षा २३.९ टक्के खाली गेल्याचा पहिला आकडा आला तेव्हा टीव्हीवर सगळे हादरले होते, आमच्या वहीत त्या तीन महिन्यांत हॉटेलच्या पानावर एकही नोंद नव्हती. गोवा २ जुलैला पर्यटकांसाठी उघडला पण उघडला म्हणजे कोणी आलं असं नाही.

पहिल्यांदा हप्त्यांची सवलत आली, मोरेटोरियम. रिझर्व्ह बँकेने आधी मार्च ते मे दिली, मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. याबद्दल एकच सांगते कारण आमच्या वाड्यावर तीन-चार घरांनी फसगत करून घेतली: हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. लोकांना वाटलं सहा महिने माफ. आमचं मुद्राचं २ लाख १० हजार बाकी होतं, ११ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज साडेअकरा हजाराच्या वर चढलं. नंतर केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत केलं, म्हणजे चक्रवाढ आणि सरळ व्याज यातला फरक, ते २०२० च्या नोव्हेंबरात खात्यात आलं, २६८ रुपये. मी रक्कम कमी आहे म्हणून तक्रार करत नाहीये, हिशेब बरोबरच होता, मी स्वतः कागदावर मांडून बघितला. पण पेपरात जेव्हा मोठमोठे मथळे येतात तेव्हा ते आपल्या पासबुकात किती होतात हे एकदा बघून घ्यावं.

आता तातडीचं कर्ज. मे २०२० मध्ये २० लाख कोटींचं आत्मनिर्भर पॅकेज जाहीर झालं त्यातला आमच्या कामाचा भाग म्हणजे ३ लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना, बँकवाले ईसीएलजीएस म्हणतात. रचना साधी होती आणि खरंच हुशारीची होती: २९ फेब्रुवारी २०२० ला तुमचं जे कर्ज बाकी आहे त्याच्या २० टक्के आणखी, नवीन तारण नाही, हमी सरकारची पूर्ण १०० टक्के, चार वर्षांत फेडायचं, पहिलं वर्ष मुद्दल नाही फक्त व्याज, आणि बँकेला ९.२५ टक्क्यांच्या वर व्याज लावता येणार नाही. २ लाख १० हजाराचे २० टक्के म्हणजे ४२ हजार. पहिलं वर्ष महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास व्याज, नंतर तीन वर्षं १,३४० चा हप्ता. हे पैसे आले नसते तर मी त्या तीन बायकांना जून-जुलैचा पगार देऊ शकले नसते, ही गोष्ट मी मनापासून लिहितेय, त्या पैशाने आमचं काम टिकलं. आणि पुढे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२२ च्या मे पासून चढायला लागला, ४ वरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, तेव्हा बाकी सगळ्यांचे हप्ते वाढत होते पण ९.२५ च्या मर्यादेमुळे या कर्जाला धक्का लागला नाही. ही अट ज्याने कोणी घातली त्याचे आभार.

मग तीनच स्टार का. एक म्हणजे आमच्या शाखेत (नाव लिहित नाही, तिथली माणसं बदललीयत) सुरुवातीला सांगितलं की हमीदार आणा, भावाची सही आणा. योजनेत असं काही नव्हतं. नवऱ्याने नॅशनल क्रेडिट गॅरंटी ट्रस्टी कंपनीच्या वेबसाइटवरची प्रश्नोत्तरं प्रिंट काढून नेली, मॅनेजरनी शांतपणे वाचली, वरिष्ठांना फोन केला आणि चार दिवसांत पैसे जमा. म्हणजे माणसं वाईट नव्हती, त्यांच्यापर्यंत नियम नीट पोचला नव्हता. पण जिच्या घरी प्रिंट काढून नेणारं कोणी नाही तिचं काय झालं असेल.

दुसरं कारण मोठं आहे. ज्याच्यावर आधीच कर्ज होतं त्यालाच आणखी कर्ज. आमच्या शेजारची पोहे-पापडवाली, वीस वर्षं कोणाचा एक रुपया न उचलता धंदा केला, तिला या योजनेत शून्य, कारण शून्याचे २० टक्के शून्यच. काटकसरीने राहिलेल्या माणसाला संकटात काहीच नाही हे मला अजून पटत नाही. फेरीवाल्यांसाठी त्याच जूनमध्ये पीएम स्वनिधी आली, तेव्हा १० हजार मिळायचे, मग वेळेत फेडलं की २०, मग ५०, आणि ७ टक्के व्याज सवलत, ती चांगली योजना आहे, पण ती रस्त्यावर बसून विकणाऱ्यांची, घरातून करून दुकानात देणारी बाई त्यात कुठे बसते?

आणि तिसरं, जे मला या सगळ्या रिव्ह्यूत मुख्य सांगायचंय. आमच्याकडे त्या वर्षी पैशाची टंचाई होती हे खरं, पण ती का होती? मार्च २०२० मध्ये एका हॉटेलाकडे आमचे ८६ हजार अडकले होते. माल गेला होता, खपला होता, बिलावर सही होती. मी फोन केला की अकाउंट्समधला माणूस म्हणायचा, ताई, सीझन सुरू जावं दी, मागीर दितां (सीझन सुरू होऊ दे, मग देतो). म्हणजे माझेच ८६ हजार त्यांच्याकडे बिनव्याजी पडून होते आणि मी ४२ हजार ९.२५ टक्क्यांनी काढून पगार करत होते. मार्च २०२१ मध्ये त्याच योजनेचा तिसरा भाग आला खास हॉटेल, पर्यटन वगैरेंसाठी, त्यांना बाकी कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत, नंतर ते ५० पर्यंत वाढवलं, फेडायला सहा वर्षं आणि पहिली दोन मुद्दल नाही. द्यावंच, गोव्यात हॉटेलं बुडाली तर आम्ही पण बुडतो. पण त्या कर्जाला एक ओळ जोडली असती की यातला अमुक भाग आधी छोट्या पुरवठादारांची जुनी देणी द्यायला वापरायचा, तर एकाच रुपयात दोन धंदे वाचले असते, हॉटेलचा आणि आमचा, आणि पुढे आमच्या काजूवाल्याचा आणि भुसारी दुकानाचा पण. तसं झालं नाही.

मंदीत छोट्या माणसाला कर्ज ही दुसऱ्या नंबरची गरज असते हो. पहिली गरज म्हणजे आधीच कमावलेले पैसे हातात येणं आणि उद्या दारात गिऱ्हाईक येणं. गिऱ्हाईकाचं म्हणाल तर मी डोळ्यांनी बघितलंय, लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत ज्या आठवड्यात बायकांच्या खात्यात गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० पडायचे त्या आठवड्यात गावातल्या दुकानात आमच्या शेवेची पाकिटं संपायची. बायकांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून तीन महिने ५०० आले, रेशनवर माणशी ५ किलो फुकट धान्य आलं, त्यामुळे घरातले चार पैसे सुटे झाले. पॅकेजचा आकडा २० लाख कोटी होता पण त्यातला मोठा भाग कर्ज, हमी आणि बँकांकडचा खेळता पैसा होता, लोकांच्या हातात थेट गेलेला कमी. कर्ज घेऊन मी दुप्पट खाजं केलं असतं तरी घेणार कोण होतं?

आता उद्यमकडे येते. जुलै २०२० च्या १ तारखेपासून एमएसएमईची व्याख्या बदलली आणि हे पोर्टल सुरू झालं. मी मात्र जून २०२१ ला केली नोंदणी, वर्षभर उशीर, आणि तो उशीर मला महागात पडला ते पुढे लिहितेय. पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र यायचे (स्वयंपूर्ण गोवा म्हणून राज्य सरकारने ऑक्टोबर २०२० पासून अधिकारी गावोगाव पाठवायला सुरुवात केली होती), त्यांनीच सांगितलं की हे करून घ्या. आधार, पॅन, बँक खातं, धंद्याचा पत्ता, किती गुंतवणूक, किती उलाढाल, सगळं आपणच सांगायचं, एक कागद अपलोड करायचा नाही. ओटीपी आला, वीस-पंचवीस मिनिटांत प्रमाणपत्र, त्यावर क्यूआर कोड आणि उद्यम-जीए ने सुरू होणारा नंबर. जीएसटी नंबर आमच्याकडे नाही, आधी तो सगळ्यांना मागणार होते पण मार्च २०२१ मध्ये सूट दिली की कायद्याने ज्याला जीएसटी लागत नाही त्याला नको. नूतनीकरण नाही. फी नाही.

फी नाही हे परत लिहिते कारण आमच्या नात्यातल्या एका मुलाने अगदी सरकारी दिसणाऱ्या एका खासगी साइटवर दीड हजार भरले. गुगलवर वरती जी जाहिरात येते ती उघडू नका, पत्ता शेवटी जीओव्ही डॉट इन असाच पाहिजे.

या प्रमाणपत्राचा उपयोग काय हे पहिली दोन वर्षं मला नीट कळलं नव्हतं, बँकेत फाइलला लावायचं एवढंच. खरा उपयोग २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. कलम १५ म्हणतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे आणि ठरवून सुद्धा ४५ दिवसांच्या वर नाही, काही ठरलं नसेल तर १५ दिवस. कलम १६ म्हणतं उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. आणि नाही दिले तर सरकारी पोर्टलवर तक्रार (तेव्हा समाधान होतं), ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते, कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत. हा कायदा २००६ चा आहे! म्हणजे मी अकाउंट्सवाल्याला फोन करत होते तेव्हाही हा होता आणि मला माहीत नव्हता.

म्हणून मी त्या ८६ हजारांची बिलं घेऊन फोंड्याला वकिलाकडे गेले. त्यांनी तारखा बघितल्या आणि सांगितलं की माल २०२० चा, नोंदणी २०२१ ची, सुप्रीम कोर्टाचा २०२१ चाच निकाल आहे की नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला हा फायदा मिळत नाही. २०२५ मध्ये नोंदणीचा हा मुद्दा परत मोठ्या खंडपीठाकडे गेला असं तेच सांगत होते, पण तेव्हा तरी दार बंद होतं. एक वर्ष आधी वीस मिनिटं काढली असती तर. शेवटी त्या हॉटेलने मालक बदलल्यावर ३० हजार दिले, ५६ अजून यायचेत, मी वहीतलं ते पान फाडलेलं नाही.

पण त्यानंतरचं बघा. २०२३ च्या शेवटी दुसऱ्या एका हॉटेलकडे ५४ हजार पाच महिने थकले. मी फोनवर विनवण्या केल्या नाहीत, एक पानी पत्र लिहिलं, वर उद्यम नंबर, खाली कलम १५ आणि १६, आणि व्याजाचा हिशेब: बँक रेट ६.७५, तिप्पट म्हणजे २०.२५ टक्के, पाच महिन्यांचे चक्रवाढीने ४,७०० रुपये. शेवटी लिहिलं की व्याज नको, मुद्दल पंधरा दिवसांत द्या नाहीतर समाधानवर जाते. बाराव्या दिवशी सगळे पैसे आले आणि ऑर्डर पण चालू राहिली. मला वाटलेलं ते आम्हाला कायमचं बंद करतील.

आणि मग २०२४ चा मार्च. आयकर कायद्यात ४३बी मध्ये एच असं एक छोटं पोटकलम आलं, २०२३ च्या अर्थसंकल्पातून, लागू झालं २०२३-२४ या वर्षापासून. त्यात एवढंच की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल कायद्याच्या मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी नफ्यातून वजा करता येणार नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी. झालं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून हॉटेलांच्या अकाउंट्समधून मला फोन यायला लागले. ते मला! ताई तुमचं उद्यम सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅप करा, ताई तुमचं काही बाकी आहे का, ताई बँक डिटेल्स परत पाठवा. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. ३१ मार्चच्या आत माझी सगळी बिलं चुकती झाली, मी त्या दिवशी देवाला खाजं ठेवलं. सरकारचा या कलमावर एक रुपया खर्च झाला नाही. कर्जाची हमी द्यायला पैसा लागतो, करसवलतीला पैसा लागतो, आणि जो नियम आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो फुकट होता, आणि तो यायला २०२३ उजाडलं, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस होऊन गेल्यावर. हाच नियम २०२० च्या मे मध्ये त्या पॅकेजमध्ये असता तर.

अर्धा स्टार कापला तो का तेही सांगते. माझ्या दिराचं घाऊक भुसारी दुकान आहे, तोही हॉटेलांना माल देतो, त्याचेही पैसे अडकतात, पण तो व्यापारी. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी, पेमेंटचं संरक्षण नाही. म्हणजे त्याच हॉटेलात त्याच दिवशी आमचा टेम्पो आणि त्याचा टेम्पो एकामागे एक लागतो, माझं बिल ४५ दिवसांत आणि त्याचं कधी येईल तेव्हा. आणि दोन-तीन खरेदीवाले तर आता विचारतात, नोंदणी नसलेला कोणी आहे का माल देणारा? पळवाट शोधणारे असतातच, त्यावर काहीतरी केलं पाहिजे.

नोंदणी करताना म्हणूनच धंद्याचा कोड निवडताना नीट बघा, तुम्ही बनवता तर निर्मिती निवडा, घाईत व्यापार टाकू नका. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा, माझ्या बिलबुकावर नावाखालीच आहे. आणि माल द्यायच्या आधी नोंदणी, नंतर नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला जेवायला बोलावलं असतं.

जीएसटीबद्दल थोडं, नाहीतर अपुरं राहील. आमची उलाढाल ४० लाखांच्या बरीच खाली म्हणून नोंदणी नाही, गोव्याच्या आत विकायला काही अडचण नाही. पण गोवा केवढा? डिचोलीतून थोडं पुढे गेलं की दोडामार्ग, तिथे आमचे पाहुणे, तिथल्या दुकानदाराला आमचं खाजं पाहिजे (खाज्याला आता जीआय मानांकनही आहे), पण तो झाला महाराष्ट्र, आणि दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही असो जीएसटी नोंदणी घ्यावीच लागते. कंपोझिशनमध्ये (जीएसटीची छोट्यांसाठीची सोपी योजना) गेलं तर ते राज्याबाहेर विकूच देत नाही. सेवा देणाऱ्याला मात्र २० लाखांपर्यंत राज्याबाहेरही सूट आहे. मोठ्या राज्यातल्या माणसाला हे जाणवत नाही, नाशिकचा चिवडेवाला नागपूरपर्यंत बिनघोर विकेल, आमच्या तर गावाची बस सुद्धा दोन राज्यांतून फिरते. दहा-पंधरा लाखांपर्यंत तरी शेजारच्या राज्यात विकायला सूट द्या, ही सुधारणा मला कुठल्याही कर्जापेक्षा आधी पाहिजे.

२२ सप्टेंबर २०२५ ची दरकपात चांगली झाली. तूप १२ वरून ५, खोके-पुठ्ठे १२ वरून ५, आणि आम्ही नोंदणीत नसल्याने खरेदीवरचा कर आम्हाला परत मिळत नाही, तो खर्चातच जातो, त्यामुळे कमी झालेले ७ टक्के थेट आमच्या हातात राहिले, तुपाच्या डब्यावर लगेच कळतं. अजून एक फायदा जो मी कुठे वाचला नाही: ७,५०० पर्यंतच्या खोल्यांना आता ५ टक्के पण इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेला कर हॉटेलला वळता करून मिळत नाही). आधी एका मध्यम हॉटेलने खोलीत ठेवायच्या पाकिटांसाठी आम्हाला नकार दिला होता की तुमच्या बिलावर क्रेडिट मिळत नाही. आता त्यांना कोणाच्याच बिलावर मिळत नाही, मग आम्ही काय आणि मोठा पुरवठादार काय, डिसेंबरात त्यांनी स्वतः ऑर्डर दिली. पण वेळ. १५ ऑगस्टला भाषणात सांगितलं की दर कमी होणार आणि लागू झालं घटस्थापनेला, आणि मधे २७ ऑगस्टला चवथ! गोव्यात वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी चवथीला होते. माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची सजावट) सामान लोक घेतातच पण टीव्ही, एसी, गाडी, सगळ्यांनी थांबून घेतलं, दुकानदार हात बांधून बसले, आणि आम्ही नेवऱ्यांना लागलेलं सगळं तूप जुन्या करानेच घेतलं. दर कमी करायचा असेल तर सांगितलेल्या आठवड्यातच करा, नाहीतर आधी सांगू नका.

रेपो दर २०२५ मध्ये साडेसहावरून सव्वापाचवर आला, आमच्या मुद्राचा हप्ता थोडा उतरलाय. ते ४२ हजार २०२४ मध्ये फिटले. तीन बायकांच्या पाच झाल्या. खाणीचे लिलाव सुरू झाल्यापासून नवऱ्याला परत ट्रक घ्यावासा वाटतो, मी सध्या नको म्हणतेय.

शेजारच्या पोहे-पापडवालीची नोंदणी काल करायला बसलो. पोहे, पापड ती घरीच करते म्हणजे निर्मितीतच येते. पण ओटीपी येईना, आधारला तिच्या मुलाचा जुना नंबर जोडलेला आणि ते सिम बंद. सोमवारी तिला घेऊन आधार केंद्रावर जातेय, नंबर बदलून आला की पुढचा फॉर्म भरू. तोपर्यंत हॉटेलला माल द्यायचा नाही असं तिला सांगितलंय.